कुरिअरने आलेले घरातले रोप आठवड्याभरात मान का टाकते, आणि ते कसे सावरावे

त्रिशूरजवळच्या मण्णुत्तीहून, आंध्रातील कडियमहून किंवा थेट कालिम्पाँगहून मागवलेले शोभेचे रोप खोक्यातून बाहेर काढताना बहुतेक वेळा बरे दिसते. चार पाने वाकलेली असतात, एखादे मोडलेले असते, पण एकंदरीत रोप हिरवे असते. तक्रार सुरू होते ती चौथ्या-पाचव्या दिवसापासून. ॲग्लोनिमाची खालची पाने एकेक करून पिवळी पडतात, बेंजामिना फायकसच्या कुंडीभोवती पानांचा सडा पडतो, कॅलॅथियाच्या पानांच्या कडा करपतात आणि काही रोपे तर माती ओली असूनही मान टाकतात. विक्रेता म्हणतो की रोप चांगलेच पाठवले होते; घेणारा म्हणतो की काळजी घेण्यात काही कसूर केली नाही. दोघेही बहुधा खरेच बोलत असतात.

प्रवासात झालेली इजा आणि तिची डोळ्यांना दिसणारी खूण यांच्यामध्ये काही दिवस जातात. त्या दिवसांत रोप धडधाकट भासते, म्हणून हौसेने त्याची कुंडी बदलली जाते, मूठभर गांडूळखत घातले जाते, 'जरा ऊन मिळू दे' म्हणून ते गॅलरीच्या कठड्यावर ठेवले जाते आणि वर तांब्याभर पाणीही ओतले जाते. माझ्या मते नुसत्या प्रवासाने मरणाऱ्या रोपांपेक्षा पहिल्या आठवड्यातील या उत्साहाने मरणारी रोपे जास्त असतात. उपाय करण्याआधी मुळे कोणत्या अवस्थेत आहेत हे पाहिले आणि एका वेळी एकच बदल केला, तर यातली बरीच रोपे वाचतात.

बंद खोक्यात काय घडते

अंधारात पान अन्न तयार करू शकत नाही, पण त्याचे श्वसन थांबत नाही. रोप साठवलेल्या साखरेवर दिवस काढते आणि ती कमी पडू लागली की जुन्या पानांतील हरितद्रव्य मोडून त्यातील नत्र शेंड्याकडे वळवते. खालची पाने आधी पिवळी पडतात ती यामुळे, आणि असे पान पुन्हा हिरवे होत नाही. खोक्यातील तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे जानेवारीत तीन दिवसांच्या प्रवासात रोपाची जेवढी शिदोरी संपते, तेवढी मे महिन्यात विदर्भातून जाणाऱ्या ट्रकमध्ये दीड दिवसातही संपू शकते.

दुसरे कारण इथिलीन वायूचे आहे. मोडलेली, चिरडलेली आणि सडू लागलेली पाने हा वायू सोडतात, आणि चिकटपट्टीने चहूबाजूंनी बंद केलेल्या खोक्यात तो साचून राहतो. १९०१ साली रशियातील दिमित्री नेल्युबोव्ह यांनी प्रयोगशाळेत वाकडीतिकडी वाढणारी वाटाण्याची रोपे पाहून दिव्याच्या गॅसमधील इथिलीन हेच त्यामागचे कारण असल्याचे दाखवले होते. आपल्या दृष्टीने त्याचा परिणाम असा, की पानाच्या आणि कळीच्या देठाशी गळतीचा थर तयार होतो. तो एकदा तयार झाला की रोप खोक्यातून बाहेर आले तरी पुढचे काही दिवस पाने गळत राहतात. फॅलिनॉप्सिस ऑर्किड कळ्यांसह आले आणि चार दिवसांत सगळ्या कळ्या पिवळ्या होऊन गळाल्या, तर त्यात घेणाऱ्याची चूक शोधू नये.

तिसरी इजा सर्वांत कमी दिसते आणि सर्वांत जास्त भोवते. हादऱ्यांनी आणि आपटण्याने कुंडीतील माती हलते, तेव्हा मुळांच्या टोकांजवळची सूक्ष्म केसमुळे तुटतात. पाणी शोषण्याचे बरेचसे काम हीच करतात. ती पुन्हा येईपर्यंत माती कितीही ओली असली तरी रोपाला पुरेसे पाणी मिळत नाही, आणि पानांतून मात्र बाष्प जातच असते. ओल्या मातीत कोमेजलेल्या रोपाचे कोडे बऱ्याचदा असे सुटते. त्यावर आणखी पाणी घातले, तर हवा न मिळून उरलेली मुळेही कुजतात.

पूर्वी समुद्रमार्गे रोपे नेताना खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे ती वाटेतच मरत. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८३३ मध्ये काचेच्या बंद पेट्यांतून रोपे सिडनीला पाठवली आणि ती महिनोन्महिन्यांच्या प्रवासानंतरही जिवंत पोहोचली, कारण काचेतून उजेड मिळत होता आणि आतला ओलावा आतच फिरत होता. पुठ्ठ्याच्या खोक्यात ओलावा थोडाफार टिकतो, पण उजेड अजिबात मिळत नाही. म्हणून वाटेतला प्रत्येक जादा दिवस रोपाला महाग पडतो.

खोके आल्यावर लगेच

खोके संध्याकाळी आले, तर 'उद्या निवांत उघडू' म्हणून तसेच ठेवू नये. चिठ्ठीवरील रवानगीची तारीख पाहावी, कारण रोप किती दिवस अंधारात होते हे पुढच्या सगळ्या अंदाजांसाठी लागते. तीन दिवसांचा प्रवास झालेले रोप साधारणपणे सहज तग धरते. आठ-दहा दिवसांनी आलेल्या रोपाची निम्मी पाने जाणार हे गृहीत धरावे. उघडतानाचे चित्रीकरण करून ठेवणे सोयीचे असते, कारण भरपाई मागायची तर बहुतेक विक्रेते तेच मागतात.

रोप शेंड्याला धरून ओढू नये. खोक्याची एक बाजू कात्रीने उभी कापून ते आडवेच बाहेर घ्यावे, मग चिकटपट्टी, कागद आणि प्लास्टिक काढावे. पानांना चिकटलेला ओला कागद ओढून काढला तर पानाचा पापुद्रा त्याच्याबरोबर येतो. त्यावर थोडे पाणी शिंपडून तो सैल करावा. मोडलेली, बुळबुळीत झालेली आणि काळी पडलेली पाने स्वच्छ कात्रीने देठाशी कापावीत. नुसती पिवळी पडू लागलेली पाने मात्र राहू द्यावीत, कारण रोप अजून त्यांतून नत्र काढून घेत असते. अर्धे हिरवे पान दिसायला वाईट दिसते म्हणून कापणे म्हणजे उपाशी माणसाच्या पुढचे ताट ओढण्यासारखे आहे.

त्यानंतर रोप उजेडाच्या पण ऊन न येणाऱ्या जागी ठेवावे आणि एवढ्यावरच पहिला दिवस संपवावा. अपवाद दोनच: मातीचा गोळा पूर्ण वाळला असेल तर, आणि रोप मातीशिवाय उघड्या मुळांनी आले असेल तर. या दोन्हींविषयी पुढे लिहिले आहे.

कोमेजलेले रोप: आधी माती, मग पाणी

पाणी द्यायचे की नाही हे पानांवरून ठरवू नये. मूळ वाळले तरी पान लोंबते आणि मूळ कुजले तरी लोंबते. वरून दोन्ही सारखीच दिसतात. कुंडी हातात उचलून वजन पाहावे, आणि बांबूची पातळ काडी तळापर्यंत खुपसून दोन मिनिटांनी बाहेर काढावी. काडी कोरडी निघाली आणि कुंडी पिसासारखी हलकी लागली, तर रोप खरोखर तहानलेले आहे. काडीला ओल आणि मातीचे कण चिकटले, तर पाण्याला हात लावू नये. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे माती ओलसर पण हवेशीर, तशी स्थिती या रोपांना सर्वांत मानवते.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा परदेशातून आलेल्या रोपांसोबतचे पीट (दलदलीतील कुजलेल्या शेवाळाचा चुरा) पूर्ण वाळले, की वरून घातलेले पाणी कडेकडेने वाहून तळाच्या भोकातून निघून जाते आणि गोळा आतून कोरडाच राहतो. पाणी खालून वाहिले म्हणजे माती भिजली, ही समजूत इथे फसवते. अशा वेळी कुंडी परातीत किंवा बादलीत, निम्म्या उंचीपर्यंत पाणी येईल अशी वीस-तीस मिनिटे ठेवावी. वरचा थर ओलसर दिसू लागला की ती बाहेर काढून पूर्ण निथळू द्यावी आणि पुन्हा वजन पाहावे. पीस लिलीसारखे रोप कोरडेपणाने पार भुईसपाट झाले असले, तरी अशा पाण्यानंतर काही तासांत उभे राहते. ते दुसऱ्या दिवशीही उभे राहिले नाही, तर दुखणे तहानेचे नाही.

माती ओली असूनही रोप कोमेजले असेल, तर मात्र मूळ पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. कुंडी आडवी करून, कडेला हलके दाबून गोळा तळहातावर घ्यावा. निरोगी मूळ पांढरे किंवा पिवळसर असते आणि बोटांत दाबले तर टणक लागते. काही जातींची मुळे मुळातच तपकिरी किंवा केशरी असतात, त्यामुळे नुसत्या रंगावरून निकाल देऊ नये. संशय असलेले मूळ दोन बोटांत धरून हलके ओढावे. कुजलेल्या मुळाची वरची साल मोज्यासारखी सरकून हातात येते, आत दोऱ्याएवढी बारीक शीर उरते आणि बोटांना गढूळ पाण्याचा, आंबलेला वास लागतो. अशी सगळी मुळे निर्जंतुक कात्रीने टणक भागापर्यंत कापावीत. उरलेला भाग कॉपर ऑक्सिक्लोराइडसारख्या बुरशीनाशकाच्या, वेष्टनावर दिलेल्या प्रमाणातील द्रावणात बुडवून काढावा आणि ताज्या, निचरा होणाऱ्या मिश्रणात लहान कुंडीत रोप लावावे. मुळे निम्म्याहून जास्त गेली असतील, तर काही पानेही कमी करावी लागतात. उरलेल्या मुळांना पेलेल इतकाच पसारा ठेवावा.

मुळे टणक आणि पांढरी आहेत, माती नुसती ओलसर आहे, तरी पाने लोंबताहेत, असे दिसले तर ती वर सांगितलेली केसमुळांची तूट होय. इथे पाणी नको, खत नको. हवेतला दमटपणा हवा. रोपावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैल घालावी, दिवसातून एकदा ती काढून हवा खेळू द्यावी आणि आठवड्याभराने तिचे तोंड थोडे थोडे उघडत न्यावे. पिशवी घातलेले रोप उन्हाच्या तिरिपेतही ठेवू नये, कारण आतले तापमान पाहता पाहता वाढते आणि रोप उकडून निघते.

उजेड आणि जागा

रोपवाटिकेत ही रोपे हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात. त्या जाळीखालचा उजेडसुद्धा आपल्या दिवाणखान्यातील उजेडाच्या कितीतरी पट असतो. फ्लोरिडातील अपोपका हे शोभेच्या रोपांचे मोठे केंद्र. तेथील संशोधक कॉनोव्हर आणि पूल यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले, की विक्रीपूर्वी काही काळ सावलीत ठेवून सवय लावलेली रोपे घरात गेल्यावर पाने कमी गाळतात. आपल्याकडे सगळ्या रोपवाटिका ही तसदी घेत नाहीत, त्यामुळे भर उजेडातले रोप थेट खोक्यात आणि खोक्यातून थेट टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात येते.

म्हणून पहिले दोन-तीन आठवडे नवे रोप घरातल्या सर्वांत उजेडाच्या जागी, पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीपासून हातभर अंतरावर असावे. कायमच्या जागी ते नंतर न्यावे. सकाळचे कोवळे ऊन आठ-दहा दिवसांनी थोडे थोडे देता येते. दुपारचे ऊन एकदम दिले तर चार-पाच दिवस अंधारात राहिलेले पान भाजते आणि त्यावर पांढरट, कागदासारखे डाग पडतात. एसीचा झोत, पंख्याखालची जागा आणि फ्रीजचा माथा हे तिन्ही टाळावेत. रोज जागा बदलून 'इथे बरे वाटते का' हे पाहणे हाही रोपाला त्रासच आहे.

कुंडी कधी बदलावी

साधा नियम असा, की नवे पान उलगडेपर्यंत कुंडी बदलू नये. कुंडी बदलताना उरलीसुरली केसमुळेही तुटतात, आणि रोपाला त्याच वेळी ती नव्याने उभी करायची असतात. प्लास्टिकची साधी काळी कुंडी डोळ्यांना खुपत असेल, तर ती तशीच शोभेच्या मोठ्या कुंडीत ठेवावी. फक्त तळाशी पाणी साचू देऊ नये.

मात्र दोन गोष्टी गोळ्यात लपलेल्या असतात. पहिली म्हणजे मुळांभोवतीचा दोरा, रबर किंवा कापडी जाळी. फांदीला मूळ फोडताना शेवाळ किंवा काथ्या दोऱ्याने बांधतात, आणि तो दोरा तसाच राहिला तर खोड जाड होत गेल्यावर त्यात रुततो. मातीचा वरचा दीड-दोन सेंटीमीटर थर बोटाने बाजूला करून खोडाच्या तळाशी पाहावे. दोरा दिसला तर कुंडी न बदलता तिथल्या तिथे कापता येतो.

दुसरी गोष्ट चिकण मातीच्या गोळ्याची. आंध्र किंवा बंगालकडून आलेल्या अनेक रोपांच्या मुळांभोवती घट्ट मातीचा गोळा असतो, जो प्रवासात मुळे जागच्या जागी धरून ठेवतो, पण कुंडीत गेल्यावर जाच करू लागतो. तसा गोळा कोकोपीटच्या हलक्या मिश्रणात बसवला, तर पाणी भोवतीच्या सैल भागातून निघून जाते. गोळा एकदा वाळून आक्रसला की भिजायचे नाव घेत नाही आणि एकदा भिजला की चार-चार दिवस चिखल राहतो. अशा रोपाची वरची माती ओली असते आणि रोप मात्र तहानेने जात असते. यावर उपाय करायचाच, पण पहिल्या दिवशी नव्हे. नवा फुटवा दिसल्यावर गोळा तासभर पाण्यात ठेवून मऊ करावा, बाहेरची निम्मी माती पाण्यातच बोटांनी सोडवावी आणि आतली तशीच ठेवावी. कोरडा गोळा हातोडीने किंवा खुरप्याने फोडू नये. नवी कुंडी जुनीपेक्षा इंच-दोन इंचच मोठी असावी. मिश्रणात कोकोपीटबरोबर परलाइट (पांढरे, हलके खडे), कोळशाचे बारीक तुकडे किंवा भाताचे तूस असले की निचरा चांगला होतो.

उघड्या मुळांनी, शेवाळात किंवा ओल्या कागदात गुंडाळून आलेल्या रोपाला अर्थातच हा नियम लागू नाही. ते त्याच दिवशी लावावे. मुळे वाळलेली दिसली तर आधी अर्धा तास साध्या पाण्यात ठेवावीत, लहान कुंडीत लावावीत आणि रोपावर वर सांगितलेली पिशवी घालावी. ॲडेनियम, निवडुंग आणि इतर सक्युलंट, म्हणजे पानांत किंवा खोडात पाणी साठवणारी रोपे, यांच्या बाबतीत उलट करावे. ती उघड्या मुळांनी आली तर मोडलेल्या मुळांच्या जखमा सुकेपर्यंत तीन-चार दिवस सावलीत कोरडी ठेवावीत, मग कोरड्या मिश्रणात लावावीत आणि पहिले पाणी पुढच्या आठवड्यात द्यावे. सक्युलंटची पाने प्रवासात टपाटप गळतात. ती टाकून न देता मातीवर पसरून ठेवली तर अनेकांतून नवी रोपे निघतात.

खत, ताक आणि आरओचे पाणी

दुबळ्या रोपाला खत द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे, पण केसमुळे नसताना खत उचलणार कोण? ते मातीत क्षार वाढवते आणि मुळांना आहे तेही पाणी घेऊ देत नाही. तांदूळ धुतलेले पाणी, ताक, चहाचा चोथा, गुळाचे पाणी हे प्रकारही या काळात नकोत; ओल्या कुंडीत ते आंबतात आणि त्यावर बारीक काळी चिलटे येतात. पहिले खत दोन नवी पाने पूर्ण उलगडल्यावर आणि तेही निम्म्या प्रमाणात द्यावे.

अनेक घरांत पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी झाडांना घालतात. हेतू चांगला आहे, आणि अंगणातील जुन्या झाडांना ते एखादवेळी चालूनही जाते, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. नुकत्याच आलेल्या कॅलॅथियाला किंवा फर्नला ते घातले, तर पानांची टोके करपतात आणि दोष पुन्हा प्रवासावर जातो. बोअरवेलचे जड पाणीही या दोघांना सोसत नाही. पावसाचे साठवलेले पाणी मिळाले तर उत्तम. नाहीतर नळाचे चालते.

कोणते रोप कसे वागते

बेंजामिना फायकस, फिडल लीफ आणि क्रोटन ही पाने गाळण्यात अव्वल आहेत. बेंजामिना तर हिरवीगार पानेसुद्धा गाळतो, आणि दोन-तीन आठवडे हे चालू राहू शकते. उन्हात वाढलेली जाड पाने टाकून घरच्या उजेडाला साजेशी पातळ पाने आणण्याची ती त्याची रीत आहे. पाने नाहीत म्हणजे बाष्प जाणे कमी, म्हणजे पाण्याची गरजही कमी. त्यामुळे निष्पर्ण फायकसला पूर्वीइतकेच पाणी देत राहणे घातक ठरते. खोडाला नख लावून पाहावे. सालीखाली हिरवे दिसले तर रोप जिवंत आहे आणि उबदार हवेत तीन ते सहा आठवड्यांत फुटते.

ॲग्लोनिमा आणि डिफेनबाकिया यांचे वैर थंडीशी आहे. तापमान १० ते १२ अंशांच्या खाली काही तास राहिले तरी त्यांच्या पानांवर तेलकट, गडद डाग येतात, आणि तेही लगेच नव्हे तर दोन-चार दिवसांनी. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी होतो, आणि उत्तरेकडून येणारे पार्सल तर रात्रभर उघड्या फलाटावर पडलेले असू शकते. हे डाग बुरशीचे समजून औषध फवारण्यात अर्थ नाही, कारण ते पसरत नाहीत. पसरत असतील, कडेला पिवळी वलये असतील आणि वास येत असेल, तर तो जिवाणूजन्य कुजवा समजून ते पान लगेच काढावे आणि पानांवर पाणी शिंपडणे बंद करावे. या दोन्ही रोपांचा चीक खाज आणतो, म्हणून कापताना हातमोजे घालावेत आणि मुलांना दूर ठेवावे.

कॅलॅथिया पाने सुरळी करून निषेध नोंदवते. तिला दमट हवा लागते. न्हाणीघरात खिडकीचा उजेड येत असेल तर पहिले पंधरा दिवस ती जागा तिला मानवते. हंसराजासारखे नाजूक फर्न पूर्ण वाळून आले असेल, तर सगळी पाने मातीलगत कापून माती ओलसर ठेवावी. गड्डा जिवंत असेल तर नवे कोंब येतात. झीझी, स्नेक प्लांट आणि मनी प्लांट यांची फारशी चिंता करू नये. त्यांना मारायचे तर जास्त पाणीच घालावे लागते.

सोबत आलेले पाहुणे

नवे रोप दोन ते तीन आठवडे इतर झाडांपासून वेगळे ठेवावे. खोक्यातील उबदार, कोंडलेल्या हवेत पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी यांचे फावते, आणि त्यांची अंडी पहिल्या दिवशी दिसत नाहीत. पानाच्या बगलेत कापसासारखे पुंजके, पानामागे बारीक जाळी, चिकट तकाकी यांवर लक्ष ठेवावे. थोडे पिठ्या ढेकूण असतील तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने टिपून काढता येतात. जास्त असतील तर निंबोळी तेल पाच मिलिलिटर आणि साबणाचे थोडे थेंब एक लिटर कोमट पाण्यात नीट फेटून संध्याकाळी फवारावे. रोप कोमेजलेले असताना मात्र फवारणी टाळावी. ते सावरेपर्यंत पुसून काढणेच बरे.

मागवण्याची वेळ

हे सगळे निस्तरण्यापेक्षा वेळ साधून मागवणे सोपे. महाराष्ट्रात ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ बहुतेक रोपांना चांगला. थंडीला भिणारी ॲग्लोनिमासारखी रोपे त्यातही ऐन डिसेंबर-जानेवारी टाळून घ्यावीत. एप्रिल-मे मध्ये नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर असताना कालिम्पाँगसारख्या सव्वा हजार मीटर उंचीवरच्या गावातील सक्युलंट मागवणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. जुलै-ऑगस्टमध्ये खोके भिजते आणि आत बुरशी धरते. रवानगी सोमवारी किंवा मंगळवारी व्हावी असे विक्रेत्याला सांगावे, म्हणजे रोप रविवारी गोदामात अडकत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी चिंब पाणी देऊ नये, खोक्याला दोन-चार भोके ठेवावीत, कळ्या असतील तर काढून पाठवाव्यात, हेही सांगता येते. चांगले विक्रेते या सूचनांचा राग मानत नाहीत, आणि जो मानतो त्याच्याकडून न घेतलेले बरे.

टाकून देण्याआधी

महिना झाला तरी हालचाल दिसत नसेल, तर खोड तळाशी दाबून पाहावे. तळ मऊ आणि वर टणक असेल, तर वरचा शेंडा निरोगी, पांढऱ्या गाभ्यापर्यंत कापून घ्यावा. ॲग्लोनिमा, डिफेनबाकिया, मनी प्लांट यांचे असे शेंडे पाण्यात ठेवले आणि पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलले, तर काही आठवड्यांत मुळे धरतात. कुजलेले बूड कुंडीतील मातीसकट टाकावे. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये.

ॲलोकेशिया आणि झीझी यांच्याबाबत आणखी थांबावे. त्यांची सगळी पाने झडली तरी मातीखालचा कंद टणक असेल, तर रोप गेलेले नसते. ॲलोकेशियाचा कंद धुऊन, कुजलेली मुळे काढून, शेवाळात किंवा ओलसर परलाइटमध्ये निम्मा पुरावा आणि झाकणाच्या पारदर्शक डब्यात उबदार जागी ठेवावा. थंडीच्या दिवसांत त्याला कोंब यायला दोन महिनेही लागतात. तोवर आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा द्यावी आणि कंद मऊ पडला नाही ना, एवढेच बोटाने पाहावे.